मोठी अक्षरं नसलेल्या लिपीतून टेलर

टेलर स्विफ्टची गाणी मराठीत करून बघायचा नाद मला लागला तो ती गाणी नीट कळावीत म्हणून. कुठे छापायची नव्हती, कुणाला दाखवायचीही नव्हती. एक जाड वही घेतली. डाव्या पानावर तिचं कडवं, उजव्या पानावर माझं. सुरुवात तिच्या पहिल्याच प्रसिद्ध गाण्यापासून केली, ‘टिम मॅग्रॉ’पासून, आणि ध्रुवपदाशी पोचताच अडले.

कडव्यात ‘तो’ आहे. तो म्हणाला, मी म्हणाले, असं ती आपल्याला सांगते आहे. ध्रुवपद सुरू झालं की तोच मुलगा ‘तू’ होतो. टिम मॅग्रॉ या गायकाचं नाव निघालं की तुला माझं आवडतं गाणं आठवावं, असं ती त्यालाच सांगू लागते. इंग्रजीत कित्येक वर्षं ऐकताना हे माझ्या कानावरून निघून गेलं होतं. मराठीत तसं होत नाही. ‘म्हणाला’ लिहिणारा हात ‘आठवशील’पाशी थबकतोच. मला आधी वाटलं, लहान वयातली चूक असेल, सुरुवातीच्या गाण्यात चालायचंच. मग शेवटाकडे गेले. गाणं संपताना ती पुन्हा पहिल्याच ओळींवर येते, आणि तिथे तो परत ‘तो’ झालेला असतो. आधी त्याच्याबद्दल, मग त्याच्याशी, मग पुन्हा त्याच्याबद्दल. मधल्या वेळात तिने त्याला हाक मारून घेतली आहे आणि मग सोडून दिलं आहे. ‘विसरले’ असा शब्द गाण्यात कुठेही नाही. ते काम सर्वनामाने केलं आहे.

हे ठरवून केलं होतं का, मला सांगता येणार नाही. पण ते तिथे आहे.

त्या गाण्याचा जन्म तिच्या चाहत्यांना तोंडपाठ असतो. हायस्कूलचं पहिलं वर्ष, गणिताचा तास. ज्याच्यावर प्रेम होतं तो मुलगा तिच्यापेक्षा मोठा आणि लवकरच कॉलेजला जाणार. म्हणजे ताटातूट व्हायची होती, झालेली नव्हती. तो गेल्यावर त्याला आपली आठवण कशाकशाने येईल याची ती वर्गात बसून यादी करत होती. गाणं मात्र सगळं घडून गेल्यावर मागे वळून पाहावं तसं लिहिलेलं आहे. सप्टेंबर येऊन गेला आहे, ती त्याच्या गल्लीत परत आली आहे, पलंगाखालच्या पेटीतलं न वाचलेलं पत्र तिने त्याच्या दारात ठेवलं आहे. घडायच्या आधीच भूतकाळ लिहून ठेवणारी ही मुलगी. मला तिच्या आवाजापेक्षा, चालींपेक्षाही या गोष्टीचं जास्त नवल वाटतं. त्याच अल्बममधल्या ‘मेरीज साँग’मध्ये सात आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, आणि गाणं संपेपर्यंत ती सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वदची होण्याची स्वप्नं बघत ओसरीवर बसतात. शेजारचं एक वयस्क जोडपं जेवायला आलं होतं, त्यांनी आपली गोष्ट सांगितली, त्यावरून ते सुचलं. अजून स्वतःचं आयुष्य नीट सुरूही झालेलं नसताना दुसऱ्याचं अख्खं आयुष्य चार मिनिटांत बसवायचं! पुढे तिच्या गाण्यांत काळाच्या ज्या उड्या दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

थोडं मागे जाऊन. तिचा जन्म १३ डिसेंबर १९८९चा, पेनसिल्व्हेनियातला. लहानपण ख्रिसमसच्या झाडांच्या मळ्यावर गेलं. मुलीच्या गाण्यासाठी घरचे सगळे टेनेसीत, नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आले. चौदाव्या वर्षी एका मोठ्या संगीत प्रकाशन कंपनीने तिला गीतकार म्हणून करारावर घेतलं. गायिका म्हणून नाव व्हायच्या आधीची ही गोष्ट. शाळा सुटली की नॅशव्हिलला जायचं आणि तिच्याहून कितीतरी मोठ्या, मुरलेल्या गीतकारांबरोबर बसून गाणी रचायची. त्यांतल्या लिझ रोज यांच्याशी तिचं सर्वांत चांगलं जमलं. पहिल्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांवर दोघींची नावं आहेत. रोज यांनी नंतर सांगितलं, की आपलं काम संपादकाचं होतं. मुलगी दिवसभरात शाळेत जे घडलं ते घेऊन यायची, तिला काय म्हणायचंय ते तिला पक्कं ठाऊक असायचं. चांगला संपादक काय असतो हे लिहिणाऱ्यालाच कळतं. पंधराव्या वर्षी तो मिळणं हे भाग्यच.

पहिला अल्बम २४ ऑक्टोबर २००६ला आला. त्याच्या पुस्तिकेत गाण्यांचे शब्द छापले होते, सगळे लहान अक्षरांत, आणि मधेच कुठेतरी, शब्दाच्या पोटात, एखादं मोठं अक्षर. ती मोठी अक्षरं ओळीने जोडली की एक छोटा निरोप तयार होई. दर गाण्यात एक. हा खेळ २०१४च्या ‘नाइन्टीन एटी-नाइन’पर्यंत पाच अल्बम चालला. तो का सुरू केला याचं तिने दिलेलं कारण फार साधं आहे: ऐकणाऱ्यांनी शब्द वाचावेत म्हणून.

तिचे चाहते अक्षर न् अक्षर चिवडत बसतात, ओळींचे नको तितके अर्थ काढतात, अशी तक्रार नेहमी होते. पण त्यांना या वाचनाला बसवलं कुणी? तिनेच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आपल्याच वयाच्या मुलींच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, बघा, इथे काहीतरी आहे. त्या मुली आता पस्तिशीला आल्या आणि पेन्सिल अजून त्यांच्या हातात आहे. एका ओवीवर तासभर निरूपण चालतं ते आपण भक्तीने ऐकतो. हे वाचनही मला त्याच जातीचं वाटतं. शब्दावर विश्वास असल्याशिवाय माणूस त्याच्यापाशी इतका वेळ थांबत नाही.

आपल्या लिपीत हा खेळ खेळताच येणार नाही, हे वहीवर काम करताना लक्षात आलं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, सगळी एका रेषेखाली सारख्या उंचीने टांगलेली. निरोप लपवायला जागाच नाही. उलट जे इंग्रजीत सहज लपतं ते मराठीत पहिल्या क्रियापदाला उघडं पडतं. ‘यू’ म्हणजे कोण, मुलगा की मुलगी, एक की अनेक, बरोबरीचा की मोठा, इंग्रजीला सांगावं लागत नाही. आपल्याला ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ की ‘तुम्ही आलात’ हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं करता येत नाही. २०२०च्या ‘फोकलोर’मध्ये ‘बेट्टी’ नावाचं गाणं आहे. गाणारी टेलर, पण बोलणारा सतरा वर्षांचा मुलगा, आणि त्याचं नाव जेम्स हे आपल्याला गाणं बरंचसं उलगडल्यावर कळतं. तोवर ऐकणारा त्या ‘मी’त आपल्याला हवं ते माणूस बसवतो. मराठीत पहिल्याच ‘गेलो’ने सगळं संपलं. ते भाषांतर मी तीनदा केलं आणि तीनदा खोडलं.

आणि इथे मला माझ्या पंधराव्या वर्षाबद्दल सांगायला हवं.

मीही तेव्हा लिहायची. रेघांची वही होती, कपड्यांखाली ठेवलेली. एकदा घरात पाहुणे असताना ती कुणाच्या तरी हाती लागली आणि त्यातली एक कविता मोठ्याने वाचली गेली. माझ्याच माणसांनी वाचली, प्रेमाने, कौतुकानेच बहुतेक. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: “हा कोण गं?” कवितेत कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, खूण नव्हती. ‘आलास’ एवढं एक क्रियापद होतं. त्या एका शब्दाने मला पकडून दिलं. कविता कशी झाली आहे, पाऊस आणि दार यांचं तिथे काय चाललं आहे, हे कुणी विचारलं नाही. रात्री मी ती पानं फाडली. पुढे बरीच वर्षं काही लिहिलं नाही.

म्हणून टेलरच्या गाण्यांतला ‘तू’ कोण याचा शोध चालतो तेव्हा मी अस्वस्थ होते. हा शोध तिच्या चाहत्यांतला सर्वांत जोरकस प्रवाह आहे हे मला मान्य आहे. लपवलेल्या निरोपांनी त्याला खतपाणी मिळालं हेही खरं. पण नाव सापडलं की पुढे काय? गाणं बंद होतं. कुलूप उघडल्यासारखं वाटतं आणि खरं तर दार लावलं जातं. २०१०च्या ‘स्पीक नाऊ’मधल्या एका लांब, दुखऱ्या गाण्याचं असंच झालं; त्यातल्या माणसाचं नाव काढून लोक मोकळे झाले. जून २०२३मध्ये मिनियापोलिसच्या मंचावर ते गाणं म्हणायच्या आधी तिने श्रोत्यांना विनंती केली, की एकोणिसाव्या वर्षी लिहिलेल्या गाण्यातल्या माणसाचा, तो कुणीही आहे असं तुम्हाला वाटत असो, माझ्यासाठी सूड घेऊ नका. आपण तेहतीस वर्षांच्या आहोत, एकोणिसाव्या वर्षी जे घडलं त्याचं आता काही नाही, तेव्हा लिहिलेली गाणी आणि श्रोत्यांबरोबरच्या आठवणी तेवढ्या मोलाच्या, असं ती म्हणाली. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. “हा कोण गं?” या प्रश्नाला एवढं स्वच्छ उत्तर मला पंधराव्या वर्षी देता आलं असतं तर!

‘कोण’ बाजूला ठेवून ‘कसं’ विचारलं की तिची गाणी किती उघडतात बघा. ‘अवर साँग’ हे तिने नववीत शाळेच्या कलागुणांच्या कार्यक्रमासाठी एकटीने लिहिलेलं गाणं. दोघांचं असं खास गाणं नाही म्हणून ती खट्टू आहे. तो म्हणतो, जाळीच्या दाराचा आपटण्याचा आवाज, रात्री खिडकीवर वाजवलेली टिचकी, आई जागी होऊ नये म्हणून फोनवरचं हळू बोलणं, हेच आपलं गाणं. म्हणजे गाण्यात जे गाणं आहे ते नुसत्या घरगुती आवाजांचं आहे. आणि शेवटी ती एक पेन आणि जुना कागदी रुमाल उचलते आणि ते लिहून काढते. आपण ऐकत होतो ते हेच, अजून न लिहिलेलं. हे गाणं त्या अल्बममध्ये सर्वांत शेवटी आहे. पहिल्या गाण्यात पलंगाखालच्या पेटीतलं पत्र, शेवटच्यात रुमालावर लिहिलेले शब्द. अख्खा अल्बम दोन लिहिलेल्या कागदांच्या मधे ठेवलेला आहे. मला हे उजव्या पानावर ‘पत्र’ आणि ‘रुमाल’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिल्यावर दिसलं.

२००७च्या डिसेंबरात ‘अवर साँग’ अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. एकट्याने लिहून, स्वतः गाऊन तिथे पोचलेली ती सर्वांत लहान व्यक्ती ठरली. तरी ही पोर खरंच स्वतः लिहिते का, ही कुजबुज थांबली नाही. दुसऱ्या अल्बमला, ‘फिअरलेस’ला, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाल्यावर तर ती वाढलीच. उत्तर म्हणून तिसऱ्या अल्बमची चौदाच्या चौदा गाणी तिने एकटीने लिहिली. त्यातलं पहिलं ‘माइन’. वडील बेफिकीर आणि म्हणून मुलगी जपून पावलं टाकणारी, हे तिथे चार-पाच शब्दांत आलं आहे. आणि जी ध्रुवपदाची ओळ गाणंभर ती त्याला उद्देशून म्हणते, तीच शेवटी भांडण झाल्यावर तो तिला म्हणतो. शब्द जवळजवळ तेच, तोंड बदललं. आपल्याकडे लावणीतल्या सवाल-जवाबाला हे ओळखीचं वाटेल.

सर्वनामांची ही सवय ‘ऑल टू वेल’मध्ये कळसाला पोचते. तेव्हा ती बावीस वर्षांची. मला सगळं लख्ख आठवतं, असं गाणंभर ती स्वतःबद्दल सांगत राहते. शेवटी हळूच म्हणते, तुलाही आठवतं. पहिल्या कडव्यात त्याच्या बहिणीच्या घरी विसरलेला गळपट्टा शेवटच्या कडव्यात परत येतो: बाकीचं सामान त्याने पाठवून दिलं आहे, तेवढा ठेवून घेतला आहे. एवढ्या एका वस्तूने त्याची साक्ष काढली. हे गाणं तालमीत वाजवता वाजवता सुचत गेलं, भलतंच लांबलं, आणि तिने लिझ रोज यांना फोन केला. दोघींनी मिळून कापून ते साडेपाच मिनिटांचं केलं, २०१२च्या ‘रेड’मध्ये आलं ते. नोव्हेंबर २०२१मध्ये दहा मिनिटांची आवृत्ती आली आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं सर्वांत लांब गाणं ठरली. बहुतेक चाहत्यांना लांबच जास्त प्रिय आहे. मी त्यांच्याशी सहमत नाही. लांब गाण्यात राग आहे, वयाचा हिशेब आहे, वडिलांच्या तोंडचं एक वाक्य आहे, आणि प्रत्येक गोष्ट खरी वाटते. पण छोट्या गाण्यात गळपट्ट्याभोवती मोकळी जागा होती. त्या जागेत मी माझंही काही ठेवलं होतं. दहा मिनिटांच्या गाण्यात त्याला जागा उरली नाही. दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून काय गाळलं ते पाहणं हा मात्र लिहिणाऱ्यासाठी मोठाच धडा आहे. कोणत्या कवीचा पहिला खर्डा आपल्याला असा सहज ऐकायला मिळतो?

वाचणाऱ्यांनी लिहिणारीला काहीतरी दिलं, असंही एकदा घडलं आहे. चाहत्यांच्या ध्यानात आलं, की प्रत्येक अल्बममधलं पाचवं गाणं सर्वांत हळवं असतं. पहिल्यात ‘कोल्ड अ‍ॅज यू’, मग ‘व्हाइट हॉर्स’, ‘रेड’मध्ये तर ‘ऑल टू वेल’च. तिने २०१९मध्ये सांगितलं, की हे आपण ठरवून करत नव्हतो, नकळत होत गेलं. तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. त्यानंतर मात्र ती पाचवी जागा जाणूनबुजून राखू लागली.

तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क २०१९मध्ये तिला न विचारता विकले गेले आणि तिने जुने अल्बम पुन्हा गाऊन काढायला घेतले. शब्द तेच, चाली त्याच, गाणारी एकतीस वर्षांची. ‘हे स्टीफन’मधलं जुनं हसूसुद्धा तिने नव्याने हसून ठेवलं. पण २०२३मध्ये ‘स्पीक नाऊ’ आला तेव्हा एका ठिकाणी शब्द बदललेले होते. ‘बेटर दॅन रिव्हेंज’ हे आपला मित्र पळवणाऱ्या मुलीवर सोडलेलं गाणं. त्यातली त्या मुलीच्या चारित्र्यावर जाणारी ओळ काढून तिथे पतंग आणि ज्योत आली. अठराव्या वर्षी वाटतं, की कुणी आपला माणूस हिरावून नेऊ शकतं. मोठं झाल्यावर कळतं, ज्याला जायचं नसतं त्याला कुणी नेऊ शकत नाही, असं तिने पूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा बदल अनपेक्षित नव्हता. त्याहून आधी ‘पिक्चर टू बर्न’मधली एक टोचरी ओळही तिने अशीच वगळली होती, आणि ती वगळली ते बरंच झालं, त्यात ज्यांचा काही संबंध नाही अशा माणसांचा अपमान होता.

‘रिव्हेंज’च्या ओळीबद्दल माझं मन अजून एका ठिकाणी स्थिर झालेलं नाही. नवी ओळ जास्त न्याय्य आहे आणि रचना म्हणून चांगलीही आहे. पण ती तेहतीस वर्षांच्या बाईची आहे. बाकीच्या गाण्यात अठरा वर्षांची मुलगी दातओठ खात असताना मधेच कुणीतरी शहाणं माणूस येऊन तिच्या वतीने बोलून जातं. ती मुलगी चुकत होती. चुकताना ती कशी दिसत होती, हे मला बघायचं असतं. सुरुवातीच्या गाण्यांपाशी मी जाते ती याचसाठी. पुढची टेलर कसबी आहे, काय दाखवायचं आणि काय नाही हे तिला कळतं. पहिल्या अल्बममधल्या मुलीला यमक जुळल्याचा आनंद लपवता येत नाही. एखादी प्रतिमा उसनी असली तर ती उसनीच दिसते. तरी तिने पानं फाडली नाहीत, ती लोकांपुढे ठेवली, आणि लोकांनी ती जपली.

मे २०२५मध्ये तिने चाहत्यांना पत्र लिहून कळवलं, की मूळ ध्वनिमुद्रणं आता तिने विकत घेतली आहेत, आणि पहिला अल्बम तिने पूर्ण पुन्हा गाऊन ठेवला आहे. ते वाचलं त्या आठवड्यात मी वही पुन्हा काढली आणि ‘फिफ्टीन’ घेतलं. ‘फिअरलेस’मधलं, २००८चं गाणं. शाळेचा पहिला दिवस, वर्गात शेजारी बसलेली लाल केसांची मुलगी, तिच्याशी झालेली घट्ट मैत्री, आणि दोघींना पुढे जे सोसावं लागलं ते. ध्रुवपदात ती म्हणते, की पंधराव्या वर्षी कुणी तुम्हाला सांगितलं, तुमच्यावर प्रेम आहे, तर तुम्ही त्यावर विश्वास ठेवताच. हे ‘कुणी’ इंग्रजीत बिनलिंगी आहे. मी नेहमीच्या धास्तीने क्रियापदापाशी थांबले. ‘म्हणाला’ लिहायचं? आणि मग हातातून आपसूक उतरलं: ‘कुणी म्हणालं’.

नपुंसकलिंग! इतकी वर्षं माझ्या भाषेत ते होतं. कुणी आलं, कुणी गेलं, कुणीतरी हाक मारली असं वाटलं. बाई नाही, पुरुष नाही, नाव नाही. इंग्रजीने ‘समबडी’ म्हणून जे केलं ते मराठीला ‘म्हणालं’च्या एका टिंबात करता येतं. सगळं ध्रुवपद एका बैठकीत उतरलं, आणि पुढची दोन कडवीही.

गाणं संपलं तेव्हा वहीत समोरासमोरची दोन पानं कोरी उरली होती. डावं मी तसंच ठेवलं. उजव्या पानावर, फाडलेल्या कवितेतली मला आठवते ती एकुलती एक ओळ लिहिली: ‘पाऊस थांबल्यावर आलास’. क्षणभर वाटलं, ‘कुणी आलं’ करून बघावं, आता येतं आपल्याला. पेनही टेकवलं होतं कागदाला.

‘आलास’च ठेवलं.